एका नोंदीसाठी सगळं दफ्तर कशाला? नेटवर्क कंट्रोलरच्या वेगाची गोष्ट

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. फराळ आटोपून लोक मोबाईल घेऊन बसले आणि भर दुपारी स्नॅपचॅट, सिग्नल, कॅनव्हा अशी एकेक अ‍ॅप्स अडखळायला लागली. खान्देशात अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो: काय व्हयनं? आणि पहिला संशय घरच्या वायफायवर. खरं तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधलं अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं केंद्र कोलमडलं होतं. एका सेवेच्या पत्त्याची डीएनएस नोंद (नावावरून इंटरनेटवरचा पत्ता सांगणाऱ्या यादीतली नोंद) रिकामी झाली आणि तिच्यावर विसंबलेलं सगळं एकामागून एक थांबलं. बातम्या तिथेच संपल्या.

अ‍ॅमेझॉनने नंतर दिलेल्या खुलाशातला पुढचा भाग मात्र फारसा कुणी वाचला नाही, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. मूळ बिघाड दुरुस्त झाल्यावरही कित्येक तास नव्या व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक, सुरू व्हायच्या, पण त्यांना नेटवर्क मिळायचं नाही. नेटवर्कची मांडणी ठिकठिकाणी पोचवणाऱ्या यंत्रणेकडे बदलांचा ढीग साचला होता. मशीन चालू, बिल चालू, पण तिच्यापर्यंत जायला रस्ता नाही.

असा ढीग का साचतो आणि तो साचू नये म्हणून इंजिनिअर काय करतात, ते या लेखात पाहू. अ‍ॅमेझॉनची यंत्रणा त्यांची खासगी आहे. म्हणून मी उदाहरण घेतो ते ओव्हीएन (ओपन व्हर्च्युअल नेटवर्क) या नेटवर्क सांभाळणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचं, ज्याचा कोड कुणालाही उघडून पाहता येतो.

## कंट्रोलर म्हणजे कोण?

क्लाउडमधल्या एका लोखंडी सर्व्हरवर डझनांनी व्हर्च्युअल मशीन नांदतात. त्यांची आपापसातली आणि बाहेरची ये-जा सांभाळायला सर्व्हरच्या आतच एक सॉफ्टवेअरचा स्विच असतो. ओपन व्हीस्विच हा त्यातला सगळ्यात परिचित. या स्विचला स्वतःची अक्कल बेताचीच. त्याच्याकडे नियमांचं एक कोष्टक असतं: या पत्त्यावरून आलेलं पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) तिकडे सोड, त्या पोर्टकडे (मशीनच्या क्रमांक दिलेल्या दाराकडे) निघालेलं टाकून दे. अशा एका नियमाला ‘फ्लो’ म्हणतात. मोठ्या ठिकाणी एका सर्व्हरवर असे लाखो फ्लो असू शकतात.

हे फ्लो लिहून देणारा तो कंट्रोलर. ठरवणारा वेगळा आणि पॅकेट पुढे ढकलणारा वेगळा, ही विभागणी २००८ साली स्टॅनफर्डच्या मंडळींनी मांडलेल्या ओपनफ्लोमुळे सर्वदूर पोचली. २०१५ साली ओपन व्हीस्विचच्याच गोटातून ओव्हीएन जाहीर झालं. त्याची रचना थोडक्यात अशी: मध्यभागी एक डेटाबेस, त्यात सगळ्या नेटवर्कचा आराखडा. कुठली मशीन कुठल्या जाळ्यात आहे, कुणाला कुणाशी बोलायची परवानगी आहे, वगैरे. आणि प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा कंट्रोलर, जो हा आराखडा वाचून आपल्या सर्व्हरपुरते फ्लो तयार करतो. आज ओपनस्टॅक (स्वतःचा क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर) आणि कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) यांच्या जगात हे बऱ्यापैकी रुळलेलं आहे. रेड हॅटच्या ओपनशिफ्टमध्ये तर ४.१२ आवृत्तीपासून नव्या उभारणीत तेच आपोआप येतं.

## मग दुखतं कुठे?

ओव्हीएनचा सुरुवातीचा कंट्रोलर अगदी साधा होता. कुठल्याही कारणाने जाग आली की सगळा आराखडा पहिल्या ओळीपासून वाचायचा आणि सगळे फ्लो नव्याने काढायचे. आधी काय होतं याच्याशी देणंघेणं नाही. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे ती चुकत नाही. आराखडा बरोबर, तर उत्तर बरोबर.

आता जरा आकडेमोड करू. समजा, १,००० सर्व्हर आहेत आणि एका पूर्ण मोजणीला २ सेकंद लागतात. एका सर्व्हरवर एक नवी मशीन आली. डेटाबेस सामाईक, त्यामुळे बातमी सगळीकडे गेली. हजारच्या हजार कंट्रोलर दोन-दोन सेकंद राबले, आणि बहुतेकांना शेवटी कळलं की आपल्याकडे एखाद-दुसरी ओळ सोडली तर काहीच बदललेलं नाही. मिनिटाला असे ३० बदल आले तर प्रोसेसरला उसंतच नाही. साचलेले बदल एका फेरीत उरकता येतात हे खरं, पण ती फेरी संपेपर्यंत नवी मशीन ताटकळते.

नेटवर्क वाढलं की हे दुखणं नुसतं वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. मशीन दहापट झाल्या की एकेका मोजणीचा वेळ साधारण दहापट होतो आणि बदलही दहापट येतात. म्हणजे प्रत्येक कंट्रोलरवरचं काम शंभरपट. शिवाय कुबरनेटीसमध्ये कंटेनर, म्हणजे एकेका प्रोग्रॅमच्या छोट्या बंद पेट्या, जन्मतात आणि मिनिटाभरात मरतात. जुन्या काळी महिन्यात व्हायचे तितके बदल तिथे तासाभरात होऊ शकतात.

## तलाठ्याचं दफ्तर आठवा

रावेर तालुक्यातलं एखादं केळीचं गाव घ्या. तिथे एका खातेदाराने एक गट विकला. तलाठी गावातल्या सगळ्या जमिनींचे सातबारे नव्याने लिहायला बसतो का? नाही. तो गाव नमुना सहामध्ये फेरफाराची एक नोंद घालतो, नोटिसा जातात, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग फक्त त्या गटाचा सातबारा बदलतो. बाकी गावाला हात लागत नाही. कंट्रोलरच्या भाषेत हीच फरकापुरती मोजणी: काय बदललं ते पाहा, त्याचा परिणाम कुठवर जातो ते शोधा, तेवढंच दुरुस्त करा.

‘कुठवर जातो’ हेच खरं अवघड काम. खातेदार वारला तर त्याची वारसनोंद नेमक्या कोणकोणत्या सातबाऱ्यांवर चढवायची? एकेक गट उलटत बसलं तर पुन्हा सगळं गाव पालथं घालावं लागेल. म्हणून दफ्तरात आठ-अ असतो. सातबारा गटवार आणि आठ-अ खातेवार. एकाच माहितीकडे दोन बाजूंनी बघायची सोय. ओव्हीएनचा कंट्रोलर असाच दुहेरी दाखला ठेवतो. कोणता नियम कोणत्या पत्त्यांच्या यादीवर विसंबून आहे हे एका बाजूने, आणि ही यादी बदलली तर कोणते नियम हलतील हे दुसऱ्या बाजूने.

आणि काही बदल असे असतात की सगळ्यालाच हात लागतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. शहादा, तळोदा, नवापूर तालुक्यांतल्या प्रत्येक गावच्या कागदाच्या माथ्यावरचं जिल्ह्याचं नाव बदललं. अशा वेळी फेरफार शोधत बसण्यात अर्थ नसतो, सरळ नवे कागद करायचे. कंट्रोलरलाही हे भान असावं लागतं.

## आत काय चालतं

२०१९ च्या सुमारास ओव्हीएनच्या कंट्रोलरमध्ये जे इंजिन आलं, त्याची कल्पना एका वाक्यात सांगता येते: एकच मोठी मोजणी फोडून तिचे टप्पे करायचे आणि कोणता टप्पा कोणावर अवलंबून आहे त्याचे बाण काढायचे. एक टप्पा ‘या सर्व्हरवर कोणकोणत्या मशीन आहेत’ हे जाणतो. दुसरा पत्त्यांच्या याद्या सांभाळतो. तिसरा पोर्टांचे गट. या सगळ्यांचे बाण शेवटी ‘तयार फ्लो’ या टप्प्याकडे जातात.

प्रत्येक बाणावर एक छोटा कारकून बसवलेला असतो. त्याचं काम एवढंच: माझ्या बाजूने असा-असा बदल आला तर पुढच्या टप्प्याचं आधीचं उत्तर कसं दुरुस्त करायचं. त्याला जमलं तर ठीक. जमण्यासारखं नसेल तर तो सरळ ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ म्हणतो आणि तो टप्पा पूर्ण नव्याने मोजला जातो. काहीच बदललं नसेल तर ‘जैसे थे’ असं कळवून पुढच्यांचं कामही वाचवतो.

या रचनेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे नकार द्यायची मुभा. सगळ्या बाणांवरचे कारकून पहिल्याच दिवशी हुशार असायची गरज नाही. जो बदल रोज शेकड्यांनी होतो, म्हणजे मशीन येणं-जाणं, त्याचा कारकून आधी लिहायचा. वर्षातून एकदा होणाऱ्या बदलाला पूर्ण मोजणी झाली तर बिघडलं कुठे? अर्थात, एकाने हात वर केले की त्याच्या पुढच्यांनाही बहुधा पूर्ण मोजावं लागतं, कारण नेमकं काय बदललं याची यादीच त्या गडबडीत हरवते. त्यामुळे साखळीच्या सुरुवातीचा आळशी कारकून फार महाग पडतो.

## जपून ठेवलेलं उत्तर, म्हणजे कॅश

फरकापुरती मोजणी करायची तर आधीचं उत्तर हाताशी हवं. ते जपून ठेवण्याला कॅश म्हणतात, आणि नेटवर्कमध्ये त्याचे थरावर थर असतात.

डेटाबेसमधला नियम माणसाला वाचता येईल अशा मजकुरात असतो: पाठवणारा अमुक यादीतला असेल आणि ८० क्रमांकाच्या पोर्टकडे निघाला असेल तर जाऊ दे. हा मजकूर फोडून, अर्थ लावून त्याचे फ्लो करणं हे खर्चिक काम. म्हणून कंट्रोलर एकदा लावलेला अर्थ ठेवून देतो. पण सगळेच अर्थ नाही. नियमात बदलत्या यादीचा संदर्भ असेल तर त्याचं उत्तर ठेवत नाहीत, कारण यादी हलली की ते शिळं. नियम ‘ही मशीन याच सर्व्हरवर असेल तर’ असं म्हणत असेल तर अर्धवट फोडलेला नियम ठेवतात, पक्कं उत्तर नाही. बाकीच्यांचं शेवटपर्यंतचं उत्तर ठेवतात. काय जपायचं यापेक्षा काय जपायचं नाही हे ठरवायलाच जास्त डोकं लागतं.

दुसरा थर स्विचच्या तोंडाशी. कंट्रोलर दोन कोष्टकं बाळगतो: स्विचमध्ये आत्ता काय बसवलेलं आहे आणि काय असायला हवं. दोन्हींतला फरक काढून तेवढाच स्विचला पाठवतो. म्हणून पूर्ण मोजणी झाली तरी चालू वाहतूक तुटत नाही. मोजणी सगळ्याची, पाठवणी फरकाची. ही सोय अगदी साध्या काळापासून होती, आणि ती नसती तर प्रत्येक मोजणीला सगळ्यांचे कॉल तुटले असते.

तिसरा थर खुद्द स्विचच्या पोटात. एखाद्या संवादाचं पहिलं पॅकेट आलं की सगळी कोष्टकं चाळून निर्णय होतो, तो निर्णय कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ठेवला जातो आणि मागची पॅकेट त्याच वाटेने भराभर निघतात.

आणि एक थर डेटाबेसच्या जोडणीत. पूर्वी जोडणी तुटून पुन्हा जुळली की प्रत्येक कंट्रोलर सगळा आराखडा नव्याने उतरवून घ्यायचा. हजार सर्व्हर एकाच वेळी मागायला आले की डेटाबेस पुन्हा झोपायचा, जोडण्या पुन्हा तुटायच्या. आता कंट्रोलर सांगतो, ‘माझ्याकडे इथवरचं आहे, पुढचं दे.’

## ‘यापेक्षा दणकट मशीन घ्या ना’

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. लहान नेटवर्कला पूर्ण मोजणीच बरी. दहा-वीस सर्व्हर असतील तर फरकाच्या भानगडीत पडू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण वर पाहिलं तसं काम गुणाकाराने वाढतं, आणि प्रोसेसर काही दरवर्षी शंभरपट वेगवान होत नाही. शिवाय हा कंट्रोलर त्याच सर्व्हरवर चालतो जिथे गिऱ्हाइकाच्या मशीन भाड्याने दिलेल्या असतात. त्याने खाल्लेला प्रत्येक कोअर विकता येत नाही.

## ‘जुनं जपलं तर शिळं निघणार नाही का?’

निघतं. हाच खरा धोका आहे. ओव्हीएनला याचा फटका एकदा बसलेला आहे.

फरकापुरत्या मोजणीचा पहिला प्रयत्न २०१६ सालीच झाला होता. तेव्हा टप्पे आणि बाण अशी शिस्त नव्हती. जिथे जमेल तिथे जुनं ठेवायचं, जिथे आठवेल तिथे दुरुस्त करायचं, असा कारभार. हळूहळू असे प्रसंग निघायला लागले की एखादा बदल कुणाच्या तरी नजरेतून सुटतो आणि जुना फ्लो तसाच बसून राहतो. शेवटी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो कोड काढून टाकला. गुंतागुंत वाढली, त्या मानाने फायदा मिळाला नाही, हे कारण देऊन. ज्यांनी त्यावर घाम गाळला त्यांनीच तो मागे घेतला. सॉफ्टवेअरच्या जगात असा मोकळेपणा कमी दिसतो.

नेमकं चुकतं काय, हे एका प्रसंगातून पाहू. एका फेरीत तीन बातम्या आल्या: मशीन हटवली, तिच्याच नावाने नवी आली, आणि ती ज्या यादीत होती ती यादीही बदलली. कोणती बातमी आधी धरायची? यादीच्या बाजूचा कारकून अजून त्या हटवलेल्या मशीनच्या नोंदीकडे बोट दाखवतोय आणि ती नोंद तर पुसली गेली. पूर्ण मोजणीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे ‘आधी’ आणि ‘नंतर’ नसतं. फक्त आत्ता काय आहे एवढंच असतं. फरकाच्या पद्धतीत प्रत्येक क्रमाचा विचार करावा लागतो.

परिणामही गंभीर. जुनी वाट तशीच राहिली तर ज्याला बंदी घातली त्याचं पॅकेट आत शिरतं. इथे वेगाचा प्रश्न सुरक्षेचा होतो. विकलेल्या शेतावर जुन्या मालकाचं नाव राहिलं तर काय रामायण होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

## ‘मग पूर्ण मोजणी काढूनच का टाकत नाहीत?’

कारण तीच शेवटचा आधार आहे. हस्तलिखित सातबारे होते तेव्हा दर दहा वर्षांनी त्यांचं पुनर्लेखन व्हायचं. ओव्हीएनमध्येही कंट्रोलरला हुकूम देता येतो: सगळं विसर, पहिल्यापासून मोज. जाणकार मंडळी या हुकुमाचा उपयोग निदानासाठी करतात. नेटवर्क विचित्र वागतंय? पूर्ण मोजणी करवा. दुखणं गेलं तर समजा की दोष कुठल्यातरी कारकुनाचा आहे, त्याने एखादा बदल गिळला. गेलं नाही तर आराखडाच तपासा.

ओव्हीएनच्या चाचण्यांमध्येही हीच युक्ती आहे. फरकाने उत्तर काढायचं, मग पूर्ण मोजणी करायची, आणि दोन्हींत तसूभर फरक निघाला तर चाचणी नापास. संथ पण बिनचूक पद्धत अशी वेगवान पद्धतीची परीक्षक होते. ती काढून टाकली तर ताडून पाहायला काहीच उरणार नाही.

## ‘हे सगळं आपोआप करता येत नाही का?’

प्रयत्न झाला. डेटाबेसमधल्या आराखड्याचं कंट्रोलरना समजेल अशा रूपात भाषांतर करणारा मध्यवर्ती भाग डीडीलॉग नावाच्या भाषेत पुन्हा लिहिला गेला. तिची गंमत अशी की तुम्ही फक्त नियम लिहायचे, आणि कोणत्या बदलाला काय दुरुस्त करायचं हा कोड भाषाच तयार करते. कारकून नेमायचा त्रास नाही. कागदावर अतिशय देखणी कल्पना. पण मेमरीची भूक मोठी आणि ती भाषा जाणणारे थोडे. काही वर्षांत ती आवृत्ती काढून टाकली आणि त्या मध्यवर्ती भागातही टप्पे, बाण, कारकून हीच हाताने लिहिलेली पद्धत एकेक करून आणली गेली. मला वैयक्तिक वाईट वाटलं, पण रात्री दोनला बिघडलेली यंत्रणा दुरुस्त करणाऱ्याला ती वाचता आली पाहिजे, हेही खरं.

मेमरीचा प्रश्न हाताने लिहिलेल्या पद्धतीलाही सुटलेला नाही. वेळ वाचतो तो जागा देऊनच. म्हणून नियमांच्या कॅशला मर्यादा घालायची सोय आहे: इतक्या नोंदी, किंवा इतके किलोबाइट, त्यापुढे नाही. मर्यादा फार आवळली तर पुन्हा पुन्हा तेच अर्थ लावत बसणं नशिबी येतं.

## हाताशी क्लस्टर असेल तर

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतून शिकून पुण्या-बंगळुरात क्लाउडच्या नोकरीला लागलेली मुलंमुली आता घरोघरी आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एक काम करून बघा. कंट्रोलरचं इंजिन प्रत्येक टप्प्याचा हिशोब ठेवतं: किती वेळा फरकावर भागलं, किती वेळा पूर्ण मोजावं लागलं, किती वेळा काम अर्ध्यात सोडलं. तो हिशोब आधी शून्य करा. मग एक पॉड (कुबरनेटीसमधला कंटेनरांचा छोटा गठ्ठा) चालू करा, बंद करा आणि पुन्हा बघा. पूर्ण मोजणीचा आकडा प्रत्येक पॉडमागे एकने चढत असेल, तर तुमच्या मांडणीतलं काहीतरी एका कारकुनाला रोज हात वर करायला लावतंय. कोणता टप्पा सगळ्यात आधी चढतो ते बघा. शोध तिथून सुरू करायचा, कारण त्याच्या पुढचे सगळे त्याच्यामुळेच चढलेले असतात.